आष्ट्यातला आंतरराष्ट्रीय डाव

बुद्धिबळात समोर बसलेला माणूस हा मुख्य अडथळा असतो. तो दूर करण्याचं मानवजातीचं जुनं काम १९९९ साली आष्ट्यात तडीस गेलं.

साताऱ्याचे ग्रँडमास्टर लालासाहेब निकम (पदवी तिथल्या बुद्धिबळ मंडळाच्या वार्षिक सभेने एकमताने दिलेली; जागतिक संघटनेने अद्याप हरकत घेतलेली नाही) शाळेत चित्रकला शिकवत. सांगलीचे ग्रँडमास्टर नाथाजी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ चालवत (पदवीचा उगम वरीलप्रमाणे). दोघांमधल्या तीन डावांच्या सामन्यात पहिले दोन बरोबरीत सुटले. तिसरा लालासाहेबांना जिंकणं भागच होतं. नाहीतर मंडळाची खोली कॅरमवाल्यांना द्यायची, असा ठराव झाला होता. बावीस वर्षं ते रोज संध्याकाळी त्या खोलीत बसत. दुसरीकडे कुठे बसावं, हे त्यांना सुचत नव्हतं.

हा डाव काळाला साजेसा, म्हणजे इंटरनेटवर खेळायचा ठरला. साताऱ्यात लाइन लागेना. सांगलीत लागली तर टिकेना. अखेर आष्ट्यात उत्कर्षा नावाच्या धडाडीच्या मुलीच्या कॅफेत दोन संगणक आणि एक चालू फोन असल्याचं कळलं. तेव्हा दोन्ही ग्रँडमास्टर एस.टी.ने तिथे आले आणि एकमेकांपासून चार फुटांवर बसले. समोरासमोर खेळल्याचा आरोप नको म्हणून पंचांनी मध्ये चादर बांधली. (चादर तटस्थ, म्हणजे सोलापूरची होती.)

लालासाहेबांनी प्यादं सरकवलं की ते अमेरिकेला जाई आणि चाळीस सेकंदांनी चादरीपलीकडे पोचे. एकविसाव्या खेळीला त्यांनी हत्तीचा बळी दिला. हत्ती परदेशवारी करून पोचताच पलीकडून आवाज आला, "आयला! लय भारी, गड्या!"

पंचांनी 'अनधिकृत संपर्क' अशी नोंद करून नाथाजींना समज दिली. लालासाहेबांचे मात्र डोळे भरून आले. बावीस वर्षांत त्यांच्या हत्तीला कुणी दाद दिली नव्हती.

इतक्यात उत्कर्षाच्या आईने, रंगुबाईंनी, सिलिंडरचा नंबर लावायला वरच्या मजल्यावर त्याच लाइनचा फोन उचलला. लाइन तुटली. दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर उमटला : प्रतिस्पर्धी निघून गेला आहे, आपण विजयी. पंचांनी दोन प्रिंट काढल्या आणि दोघांचंही अभिनंदन केलं.

"आवं, पन ह्यो तर हितंच बसलाय की!" नाथाजी चादर वर करून म्हणाले.

"तसं पडद्यावर दिसत नाही," पंच म्हणाले.

मग स्टँडसमोरच्या टपरीवर दोघांनी नाथाजींच्या पिशवीतला पट मांडला आणि राहिलेला डाव पुढे सुरू केला. तीन चहांत लालासाहेब हरले. हत्ती द्यायलाच नको होता, हे नाथाजींनी त्यांना फार मायेने समजावलं. लालासाहेब इतके खुशीत होते, की त्यांची साताऱ्याची गाडी चुकली.

प्रिंट आधीच्या गाडीने पोचली होती आणि साताऱ्यात हलगी आणि गुलाल तयार होता.

"अहो, मी हरलोय," लालासाहेब सांगत राहिले.

"आवं, उगं मोठेपणा नको," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "छापून आलंय न्हवं?"

प्रिंटला चौकट बसली, खोली वाचली. सांगलीतही तशीच चौकट लागली. लालासाहेब मात्र दर रविवारी पहाटेची गाडी धरून कुपवाडला हरायला जाऊ लागले.

वाचकांनी यावर हसू नये. हे वाचत असताना शेजारून कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. ते माणूस अजून तिथेच बसलेलं आहे.