केरबा गोलंदाजाच्या कानांची बखर

श्रीगणेशास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्यांचे अर्ज सरकारदारी जाऊन रिकाम्या हाती परत येतात त्या समस्त जिवांस वंदन. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका थोर राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव पुसू नये. राज्य भले होते, फौजेवर माया फार, सिपाई सीमेवर निघाला की हार घालीत आणि परत आला की रांगेत उभा करीत. त्या फौजेत केरबा म्हणून गोलंदाज होता, हुद्द्याने हवालदार, अंगाने उंच, बोलणे थोडके. त्याने उमेदीची सारी वर्षे तोफेपाशी काढिली आणि तोफेने त्याचे कान घेतले. उजवा अगदीच गेला आणि डाव्यात शेजारी हंडा पडला तर तेवढा नाद शिरे. ऐसा तो निवृत्त होऊन गावी आला, आणि एका गिरणीत राखणदारी मिळाली तीही हाक ऐकू न आल्याने गेली, आणि एके दिवशी मालमोटार अंगावर येता येता थोडक्यात वाचला. राज्याचा कायदा ऐसा की, चाकरीत ज्याचे अंग अधू जाहले त्यास अपंगत्वाचे वेतन द्यावे आणि कानास यंत्रही द्यावे. कायदा उत्तम. परंतु आधी वैद्यमंडळापुढे अधूपण सांगावे लागे, आणि घोडे पेंड खाई ते तेथेच.

कारण केरबास फौजेची सवय. वरिष्ठ समोर आला की टाचा जुळवाव्या, छाती काढावी आणि तो काहीही पुसो, सर्व कुशल म्हणावे. मुख्य वैद्य मान वर न करिता पुसते जाहले, "कानांनी कमी ऐकू येते काय?" केरबास त्यांचे ओठ दिसेनात, शब्द तर पोचलाच नाही, तरी त्याने कडक सलाम ठोकून जबाब दिला, "सब ठीक, साहेब!" मग मंडळ संतोष पावले आणि निकाल दिला की, सिपाई स्वमुखे ठीक सांगतो, सबब वेतन नामंजूर. मग फेरअर्ज जाहला आणि दुसरे मंडळ बसले, आणि तेथेही सलाम तोच आणि जबाब तोच. कान यंत्राने तपासावे म्हटले तर मंडळ म्हणे, जो स्वतः ठीक म्हणतो त्याचे तपासावे काय? आम्ही बखर लिहिणारे, आम्हांस हसू येते, परंतु त्या माणसाच्या घरी कोणी हसत नव्हते.

केरबाची बायको हौसाबाई शहाणी होती. गोरगरीब सिपायांस फुकट वकील द्यावा ऐसा दुसरा एक कायदा राज्यात होता, तो कोणास ठाऊक नव्हता, तो तिने चौकशी करून हुडकिला आणि भागीरथीबाई नामे वकील घरी घेऊन आली. ही बाई वयाने तरणी, जिभेने तिखट आणि पोटात माया. तिने केरबासमोर बसून मोठ्याने पुसले, "काका, कानाला काय होतंय तुमच्या?" केरबा लागलाच उठून उभा राहिला. "सब ठीक, बाईसाहेब!" मग वकीलबाईंनी कपाळास हात लाविला, आणि चहा आला, आणि चहा पिता पिता सहज तोफेचा विषय काढिला, तो काय सांगावे! मुका मनुष्य बोलू लागला. म्हणाला, "बाईसाहेब, तोफ दुसऱ्याच्या ताब्यात देताना तिची खोड न् खोड सांगायची असती. गोलंदाज सोताचं दुखनं झाकल, पर तोफेची चीर झाकायचा न्हाई. झाकली, तर ती आपल्याच मानसांवर फुटती." वकीलबाईंनी पेला खाली ठेविला आणि ते बोलणे कागदावर उतरवून घेतले.

मग वकीलबाईंनी दावा लाविला आणि न्यायसभा बसली. न्यायाधीशांनी पुसले, "हवालदार, ऐकू येते काय?" केरबा म्हणाला, "सब ठीक, सरकार!" तेव्हां समोरचे सरकारी वकील गालात हसले. मग भागीरथीबाई उठल्या आणि थेट केरबाच्या समोर जाऊन, त्यास ओठ दिसतील ऐशा उभ्या राहिल्या आणि त्याच्या छातीकडे बोट करून बोलिल्या, "हवालदार केरबा! ही तोफ सरकारच्या ताब्यात द्या!" केरबाने टाचा जुळविल्या, आणि नजर समोर ठेवून, जैसा पलटणीत तोफेचा ताबा देत तैसा तो सांगू लागला. "उजवा कान बंद. डावा बंद पडत आलाय. कानात शिट्टी वाजती, ती थांबत न्हाई. मागनं गाडी आली तर कळत न्हाई. समोरचं मानूस काय बोलतं ते व्हटांवरनं कळतं. बायकू पाठीमागनं काय बोलती, त्ये समदं राहून गेलं, सरकार. तोफ कामाची न्हाई." ऐसे म्हणून सलाम केला. भागीरथीबाई म्हणाल्या, "भरतीच्या वेळी फौजेच्याच वैद्यांनी हे कान शाबूत म्हणून घेतले, सरकार. मग गेले ते कोठे गेले, तोफेपाशीच की नाही?"

न्यायाधीशांस गहिवर आला. ते मागल्या बाकावरील हौसाबाईस पुसते जाहले, "बाई, पाठीमागून काय बोलत होता?" हौसाबाई पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "येकच बोलायची, सरकार. वैद्यांकडनं परत निघालो की ह्ये म्होरं, मी मागं, आमच्यात तसंच चालत्यात. मागनं म्हनायची, आवो, येकदा सांगा की त्यास्नी, ऐकू येत न्हाई म्हनून. तोंडावर बोलायचा धीर न्हाई झाला. गडी दुखावला असता." सभेत कोणी डोळे पुसले, कोणी खोकले. केरबास काहीच कळले नव्हते, तो सर्वांच्या मुद्रा बघत विचारी, "काय म्हनाली? काय म्हनाली ती?" मग हौसाबाई बाके ओलांडून त्याच्या समोर आली आणि सावकाश, एकेक शब्द तोडून, तेच पुन्हा बोलली. केरबा म्हणाला, "सांगितलं की आता."

एवंच, कान यंत्राने तपासावे ऐसी आज्ञा जाहली, तपासणीत सर्व खरे ठरले, वेतन मंजूर जाहले, आणि भागीरथीबाईंनी दक्षिणा म्हणून हौसाबाईच्या हातची भाकरी आणि खर्डा तेवढा घेतला. कानास यंत्र मिळाले आणि केरबास पुष्कळ ऐकू येऊ लागले. परंतु त्या दिवशी सभेतून निघताना त्याने बायकोस शेजारी घेतले होते, तिचे तोंड दिसावे म्हणून, आणि वाटेकडे लक्ष नसल्याने ठेचाळत ठेचाळत घर गाठले होते. पुढे यंत्राने मागले ऐकू येऊ लागले तरी त्याने तिला पुन्हा मागे चालू दिले नाही. इति.