किंचित ओव्हरक्लॉकिंग

"रॅम निवडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, नाना!" शनिवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन निमिषने सासऱ्यांना ऐकवलं. "पंधरा दिवस अभ्यास केलाय मी. वेग, व्होल्टेज, कंपनी, गॅरंटी, सगळ्याचा तक्ता केलाय. चौदा रकाने!"

"मला बघायला आलास तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होतास," ऋजुता आतून ओरडली.

"तिथे निवडीला वाव कुठे होता?" निमिष बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळताच त्याने मोठा घास तोंडात कोंबला.

निमिष मोहालीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचा. बायको ऋजुता विद्यापीठात मातीवर संशोधन करत होती. तिचा शोधनिबंध आज पाच वाजेपर्यंत पोचलाच पाहिजे होता, नाहीतर थेट पुढच्या वर्षी! शेवटचं गणित तेवढं राहिलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर त्याला चार तास लागत, आणि तिसऱ्या तासाला कॉम्प्युटर हमखास ढिम्म व्हायचा. असे तिचे तीन रविवार पाण्यात गेले होते.

आता एक गोष्ट निमिषने घरात कुणालाच सांगितली नव्हती. जानेवारीच्या धुक्यात, अंगात दोन स्वेटर घालून, त्याने कॉम्प्युटरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जरा जास्त वेगाने पळायला लावलं होतं. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण किंचित हं! भाजीत चिमूटभर तिखट जास्त पडावं तितकंच. जानेवारीत मशीन छान पळालं. मग मे आला, चंदिगडचा तंदूर झाला आणि मशीन बसायला लागलं. निमिषचं निदान तयार होतं. घोडा तेज आहे, खुराक कमी पडतोय. मेमरी, म्हणजे रॅम, बदला! दोष जगात कुठेही असेल, आपल्या 'किंचित'मध्ये असणं शक्यच नाही!

साडेदहाला तो बाजारात पोचला. सेक्टर बावीसमध्ये राहण्याचा हा एक फायदा, दुकान पाच मिनिटांवर. दुकानदार सरदारजींनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"सरजी, इसमें से तो एक भी नहीं है. ओवरक्लॉक के लिए ये लाईटवाली ले जाओ. पक्का चलेगी!"

पंधरा दिवसांचा अभ्यास दोन मिनिटांत निकालात निघाला. निमिष लाईटवाली घेऊन घरी आला. कॉम्प्युटर उघडतो तो काय! रॅमच्या नव्या पट्ट्यांच्या डोक्यावर असा उंच तुरा, की वरचा पंखा बसेचना. त्याने तिरकं करून पाहिलं, दाबून पाहिलं, पट्ट्यांना चार शिव्याही दिल्या.

"किती वेळ?" ऋजुताने विचारलं. साडेअकरा वाजले होते.

"दोन मिनिटं!" म्हणत निमिष पुन्हा उन्हात. सरदारजींनी तुरा नसलेल्या दोन बुटक्या पट्ट्या दिल्या आणि बजावलं, "पर पुरानी के साथ मत मिलाना जी."

"नहीं नहीं, सवालही नहीं!" निमिष म्हणाला. पण चांगली चालती वस्तू काढून टाकायची? त्याच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा कुणी टाकलेले नव्हते. त्याने जुन्या दोन, नव्या दोन, अशा चारही पट्ट्या ठोकल्या आणि बटण दाबलं.

पंखे गरगरले. पडदा काळाकुट्ट.

"काय झालं?"

"काही नाही. मेमरी ट्रेनिंग घेतेय. खरंच असतं तसं!"

"किती दिवसांचं? निवासी आहे का?" ऋजुताने घड्याळाकडे बोट दाखवलं. "निमिष, पाऊण वाजायच्या आत गणित सुरू झालं नाही, तर माझं वर्ष गेलं. मला रडू येतंय हं."

नाना, म्हणजे कृष्णकांतराव, अकोल्याला वीज मंडळात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते आतापर्यंत शांतपणे पेपर वाचत होते.

"जावईबापू, तुम्ही जरा त्या दुकानदाराला फोन करा," ते म्हणाले. "बाहेर जाऊन करा. इथं काहून घामाघूम होता?"

निमिष बाल्कनीत गेला. फोन लागेना, लागला तर उचलेनात. तो इकडून तिकडे येरझारा घालत राहिला. वीस मिनिटांनी तोंड पाडून आत येतो, तर पडदा लख्ख उजळलेला आणि ऋजुता गणित सुरू करून बसलेली! बारा चाळीस!

"बघ! म्हटलं नव्हतं ट्रेनिंग घेतेय?" निमिषची छाती फुगली.

पुढचे चार तास तो कॉम्प्युटरभोवती घिरट्या घालत होता. तिसरा तास आला. तिघांनी श्वास रोखला. तिसरा तास गेला! चार चाळीसला गणित संपलं, चार पन्नासला निबंध गेला, आणि ऋजुताने चक्क वडिलांसमोर त्याचा हात धरला. "खरंच रे, रॅम छान निवडलीस."

"अभ्यास लागतो," निमिष विनयाने म्हणाला.

नानांनी सदऱ्याच्या खिशातून दोन बुटक्या पट्ट्या काढून टीपॉयवर ठेवल्या.

"ह्या परत करून या. मी जुन्याच ठेवल्या. ह्या काढल्या, आतला तो बारका सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत लावला आणि केलं चालू."

"सेल काढला?" निमिष किंचाळला. "अहो नाना, मग सगळी सेटिंग्ज पुसली गेली! म्हणजे माझं ओव्हरक्लॉकिंगपण गेलं!"



"तुझं काय गेलं?" ऋजुताने हात सोडला. "कधीपासून होतं ते?"

"जानेवारी... पण किंचित गं!"

"आणि माझे तीन रविवार?"

निमिषने मदतीच्या आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. नानांनी पेपरची घडी घातली. "आमच्या मंडळात एकच नियम होता. बिघाड झाला की सगळ्यात शेवटी जोडलेली वस्तू पहिली बाहेर काढायची."

"असं?" ऋजुता म्हणाली. "नाना, आपल्या घराण्यात सगळ्यात शेवटी कोण जोडलं गेलंय हो?"

निमिषने त्या दोन पट्ट्या उचलल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत, दिवसातून तिसऱ्यांदा, पायात चपला सरकवल्या.