परबकाकांच्या विमानातला रंग

परबकाकांच्या विमानात बसायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. विमान अजून उडालेलं नाही. भाईंदरजवळ मुर्ध्याला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन सीटचं फायबरचं विमान काका रिटायर झाल्यापासून स्वतःच्या हातांनी बनवतायत. तरी माझ्या खिशातली घराची किल्ली त्यांना खुपते. "वजन वाढतंय," म्हणतात.

सध्या आतल्या रंगाचं काम चाललंय. रंग नसला तर फायबरमधले काचेचे धागे उघडे राहतात आणि उन्हाने खराब होतात. जास्त झाला तर विमान जड. म्हणून काका रंगाचा डबा काट्यावर ठेवतात, विमानाच्या आतल्या भिंतीवर एक हात मारतात, की पुन्हा डबा काट्यावर. हा काटा काकूंचा, स्वयंपाकघरातला. त्या बिचाऱ्या हल्ली अंदाजाने केक करतात.

एकदा मी मोठ्या प्रेमाने ऑइल पेंटचा डबा नेला. काकांनी तो हातात जोखला. "हा लावला तर विमान भाईंदरपर्यंत रस्त्यानेच न्यावं लागेल."

काकू मात्र विमानाचं नाव काढू देत नाहीत. रंगाच्या आधी काकांनी त्यांना हौसेने उजव्या सीटवर बसवलं होतं. उघड्या फायबरची कुसं दंडात शिरली. आठवडाभर खाजवत होत्या. "तुमच्या त्या खोक्यात मी परत पाय ठेवणार नाही," असं त्यांनी आमच्यासमोर जाहीर केलं.

"नको येऊस. तेवढंच वजन कमी," काका म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

परवा काकूंनी दिलेला जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेलो. काका आत वाकून पॉलिश पेपरने घासत होते. मी सहज भिंतीवर हात फिरवला. डावीकडे, त्यांच्या स्वतःच्या सीटकडे, रंगाचा एकच पातळ हात. खालची वीण दिसत होती, हाताला खरखरीत लागत होती. उजवीकडे मात्र थरावर थर, ओट्यासारखं गुळगुळीत.

"काका, इकडचं वजन केलंत का?"

"काटा जाताना घरी घेऊन जा. तिला लागतो."

"अहो, पण वजन वाढलं ना."

काकांनी शर्टाची बाही वर केली. उघडा दंड उजवीकडच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत हळूहळू घासला, डोळे मिटून.

खाली कोपऱ्याशी ते थांबले.

"इथे अजून टोचतंय," म्हणाले, आणि ब्रश उचलला.