बदली खेळाडू हॉवर्ड

गेल्या ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दर शनिवारी आमच्या शेजारच्या भालेराव काकांना सुतक असायचं. दाढी करायचे नाहीत, हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, आणि दुपारी कुंपणाशी येऊन पडक्या आवाजात सांगायचे, "आजही हरले. नोंद घ्या."

हरलेली टीम शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. तिच्यातला एकूण एक खेळाडू कधीच मातीत गेला.

काका औषध कंपनीतून रिटायर झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या चार बेडरूमच्या घरात हे एकटे उरले. वेळ जावा म्हणून एका कॉलेजच्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायला जाऊ लागले. तिथे त्यांना त्या कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या फुटबॉल टीमच्या एका सीझनचे रिपोर्ट सापडले. फुटबॉल म्हणजे इथला, अंगावर धावून जायचा. काकांनी फोटोकॉपी काढल्या आणि नियम केला की एका शनिवारी एकच मॅच वाचायची.

मी एकदा म्हटलं, "काका, शेवटचं पान बघून टाका ना."

"त्या पोरांना शेवटचं पान ठाऊक होतं का? मग तुला कशाला हवंय? नोंद घ्या." मला अरे-तुरे करतात, नोंद तेवढी 'घ्या'!

मी नागपूरचा. इथला नोव्हेंबर मला आधीच खायला उठतो. साडेचारला अंधार, झाडांचे खराटे झालेले, आणि त्यात काकांचं हे रडगाणं. त्या काळी हेल्मेट नव्हतं म्हणून पोरं डोक्यावर जटा वाढवायची. एका मॅचमध्ये मैदानात गाय शिरली. त्या दिवशी सगळ्यात जास्त तीच पळाली, असं काकांचं मत.

पण काकांचा जीव अडकला होता हॉवर्डमध्ये. हा बदली खेळाडू. तेव्हा कोणी जायबंदी झाल्याशिवाय बदलीला आत घेत नसत. त्यामुळे हॉवर्ड दर मॅचला घोंगडं पांघरून कडेला बसलेला. रिपोर्टच्या शेवटी नावापुरतं नाव. "आजही बसूनच," काका म्हणायचे. "एकदा तरी घेतील का रे त्याला?" दुसऱ्या कुणाचा तरी पाय मोडावा म्हणून हा सज्जन माणूस देवापुढे हात जोडत असणार, असा मला दाट संशय होता.

काकांचा पोटचा मुलगा निखिल तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. त्याचा फोन रविवारी, दोन मिनिटं. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, संपलं. मला राग यायचा. एकदा तोंडावर म्हणालोही, "काका, मेलेल्या पोराची एवढी काळजी, जिवंत आहे त्याचं काय?" काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटच्या मॅचच्या शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. दहाच्या सुमाराला काकांनी बोलावून घेतलं. "चष्मा सापडत नाहीये. तूच वाच." चष्मा कपाळावर होता. मी कागद हातात घेतले.

टीम हरलीच. पण शेवटी शेवटी एकाचा खांदा निखळला आणि हॉवर्ड मैदानात उतरला. उतरल्या उतरल्या आडवा झाला, उठला, पुन्हा आडवा झाला. पुढे एक ओळ होती. त्याचे वडील गावाहून घोडागाडीने आले होते आणि भर पावसात शेवटपर्यंत उभे होते.

"बाप आला होता," काका म्हणाले. मग माझ्या हातातले कागद घेऊन त्यांची घडी घालत बोलू लागले.

"निखिल शाळेच्या टीममध्ये तीन वर्षं बेंचवर होता. दर मॅचला विचारायचा, 'बाबा, आर यू कमिंग?' मी म्हणायचो, खेळणार असशील तेव्हा येईन, नुसतं बसलेलं काय बघायचं? त्यांची शेवटची मॅच होती त्या दिवशी मी तळघरात शेल्फ बसवत होतो. पोरगा घरी आला तो चिखलाने माखलेला. बसून राहिलेल्याला एवढा चिखल लागतो का रे? मला कळायला नको? मी म्हणालो, बूट बाहेर काढ. तो वर खोलीत निघून गेला. नंतर त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

मी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कितीतरी वेळ तो नुसताच धरला, मग लावला. काकांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"बाबा? इट्स सॅटर्डे. एव्हरीथिंग ओके?"

"हो, हो. अरे, ती तुझी शेवटची मॅच... चिखलाची... किती वेळ खेळलास रे?"

कुठली मॅच, असं निखिलने विचारलं नाही.

"फोर मिनिट्स, बाबा."

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "सांग. पहिल्यापासून सांग."