साहेबांचा रविवार आणि पलीकडचे नट

"कारागीर कशाला हवा? चार लाकडी पॅनल भिंतीला बसवायची, एवढंच ना! जेवणाआधी उरकतो बघ!" असं म्हणून साहेबांनी ड्रिल मशीन उचललं.

साहेब म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. घरात खुर्चीवरून हुकूम सोडतात, म्हणून बायकोनेच ठेवलेलं नाव. त्यांची इच्छा एकच, रविवारी बागेत बसून अख्खा पेपर वाचायचा. पण त्या इच्छेच्या मुळावर उठले होते शेजारचे सल्लागारकाका! बागेची भिंत काकांच्या हनुवटीएवढी. पेपर उघडायचा अवकाश, की भिंतीवर मुंडकं हजर! "पाठीला उशी घ्या." "गुलाबाला पाणी जास्त होतंय." "चहात साखर किती घालता हो?" साहेबांना मागच्या कित्येक रविवारांत पहिल्या पानापुढे जाता आलं नव्हतं. म्हणून ही उंच पॅनल. मुंडकं कायमचं बंद!

पहिला स्क्रू भिंतीत गेला आणि गेलाच! दुसराही गेला. भिंतीचे सिमेंटचे ब्लॉक आतून पोकळ होते, हे साहेबांच्या गावीही नव्हतं.

"अहो, कुणाला तरी विचारा ना!" बायको म्हणाली.

"मी? विचारू?" साहेब चिडले आणि अंगातला सगळा जोर लावून त्यांनी ड्रिल दाबलं. ते थेट आरपार गेलं! पलीकडून आरोळी आली, "अहो थांबवा! माझा बनियन गरगर फिरतोय!"

काकांनी भिंतीवर वाळत घातलेला बनियन ड्रिलला गुंडाळला जाऊन टराटरा फाटला होता. साहेबांचा चेहरा पडला. मुंडकं वर आलं, पण रागावलेलं नव्हतं, उलट खुलून गेलं होतं.

"पॅनल कशासाठी लावताय?"

"वेल चढवायला!" बायकोनेच वेळ मारून नेली.

"मग स्क्रू काय कामाचे? भिंत पोकळ आहे राव! लांब बोल्ट आरपार घाला. मी पलीकडून नट आवळतो. पाना द्या इकडे!"

माणसाचा बनियन फाडल्यावर त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? साहेबांनी मुकाट्याने पाना दिला. मग दिवसभर साहेब बोल्ट ढकलत राहिले आणि काका नट आवळत राहिले. तोंड मात्र काकांचंच चालू होतं. साहेबांच्या पोटाच्या घेरापासून जावयाच्या नोकरीपर्यंत एकही विषय सुटला नाही. साहेबांनी सगळं गिळलं. शेवटचं पॅनल उभं राहिलं आणि काकांचं टक्कल त्यामागे दिसेनासं झालं, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की काकांबद्दल थोडी मायाही वाटली.

पुढचा रविवार उजाडला. चहा आला, पेपर उघडला. पहिलं पान झालं, दुसरंही झालं! साहेबांनी सुखाने पाय पसरले.

तेवढ्यात भिंतीत कुरकुर सुरू झाली. एकेक बोल्ट टपाटप अलीकडे पडला, आणि मधलं पॅनल झोकांडी खाऊन गुलाबावर आडवं झालं! उरलेल्या फटीत मुंडकं होतं.

"काही नाही हो, नट जरा सैल वाटले. काढून परत नीट बसवू म्हटलं. आणि वेल कुठाय? अजून लावली नाहीत? असू दे, मी सांगतो कुठली लावायची."

साहेबांनी पेपर मिटला.

"आणि तुमचा पाना माझ्याकडेच राहू दे बरं का," काका म्हणाले. "काळजी करू नका. दर रविवारी तपासत जाईन!"