राणीच्या बागेतली संत्री

वानखडे मॅडमकडून जेवायचं बोलावणं आलं की आमच्या गल्लीतल्या लोकांना अचानक उपवास आठवतात. अमरावतीत मिरचीशिवायचं जेवण म्हणजे शिक्षाच, आणि मॅडमच्या घरातून मिरची हद्दपार झाली आहे. तिच्या मागोमाग बटाटा गेला, टमाटर गेले, शेंगदाणे गेले. चहाही जाणार होता, पण 'राणीसाहेब मोठ्या मनाच्या हायेत' म्हणून त्याला तेवढी माफी मिळाली.

राणीसाहेब म्हणजे राणी रेणावती. मॅडम मुलांसाठी लिहीत असलेल्या ऐतिहासिक कादंबरीची नायिका. सातपुड्याच्या पायथ्याशी तिची गढी, काळ मध्ययुगाचा. अशी राणी झालीच नाही, मॅडमनं ती स्वतः घडवली. पण काळ मात्र खरा पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मिरची परदेशातून फार उशिरा आली, हे कळलं त्याच दिवशी डबा रिकामा झाला. "जे राणीसाहेबाईनं खाल्लं नाई, थे खाऊन मी लिहीन, तर लेकराईले खोटं सांगितल्यासारखं होते," असं त्या म्हणतात.

मे महिन्यात वेढ्याचं प्रकरण लिहिताना त्यांनी कूलर बंद ठेवला आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "कूलर काऊन नाई लावला?" मॅडम म्हणाल्या, "गढीत होता का?" डॉक्टरांनी डोक्याचा फोटोही काढून घ्यायला सांगितला.

हे सगळं मला ठाऊक, कारण कादंबरी मीच टाइप केली. कोचिंग क्लासच्या गल्लीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर पोरांच्या नोट्स छापतो. ज्याच्या शेवटी उत्तरं असतात त्यालाच आता या गावात पुस्तक म्हणतात. मॅडम ज्या मराठी शाळेत इतिहास शिकवायच्या तीही पोरांअभावी बंद पडली. तिथे आता क्लासच भरतो, आणि पोरांना बसायला जागा पुरत नाही. एकदा एका पालकानं माझ्या टेबलावरची राणीची पानं चाळली आणि विचारलं, "किती मार्काले हाय हे?"

"जलमभर पुरन इतक्या," तिथंच बसलेल्या मॅडम म्हणाल्या. त्यानं पानं खाली ठेवली आणि रसायनशास्त्राच्या नोट्स मागितल्या.

अखेर अकोल्याच्या एका प्रकाशकाला कादंबरी आवडली. राणी धान्य मोजून वाटते, भांडते, रडते, हे त्याला फार भावलं. अट एकच. राणीच्या संत्र्याच्या बागेचं प्रकरण काढायचं. आपल्याकडे संत्र्याच्या बागा राणीच्या काळानंतर कितीतरी शतकांनी आल्या. तेवढं काढा, लगेच छापतो, असं तो म्हणाला.

मॅडमनं साफ नाही सांगितलं.

मला राग आला. आमची सगळ्यांची तोंडं अळणी केली, आणि संत्र्याला माफी? पावसाळा गेला, हिवाळा गेला, कादंबरी तशीच पडून. शेवटी मी दुकानात त्यांना सरळ विचारलं, "मॅडम, बाग काऊन नाई काढत तुमी?"

त्या स्टुलावर बसल्या. "पिहूनं लावली थे बाग."

पिहू त्यांची नात, पुण्याला असते. लहानपणी सुट्टीत यायची. मॅडमचं माहेर शेंदूरजनाघाटचं, तिथल्या संत्र्याच्या मळ्यात बसून त्या तिला राणीची गोष्ट सांगायच्या. "तर पोट्टी म्हने, राणीकडं संत्री नसतील तर मला नको ती राणी. मंग का करतो भाऊ? दुसऱ्या दिवशी लावली बाग." पुढे पिहूचे क्लास सुरू झाले आणि सुट्ट्या संपल्या. फोन केला की टेस्ट असायची. "हे पुस्तक मी दुसऱ्या कोनासाठी लिहून राहिली? ती उघडन, बाग दिसन, तवा तिले आठवन."

त्यानंतर मी बागेचा विषय काढला नाही.

यंदा एका लग्नासाठी पिहू बडनेऱ्याला आली आणि एक दुपार आजीकडे. मॅडमनं आदल्या दिवशी माझ्याकडून कादंबरीची छापील प्रत बांधून घेतली आणि मलाही बोलावलं. पोरगी चांगली होती. वाकून नमस्कार केला, मिरचीविनाची भाजी तक्रार न करता खाल्ली. मग प्रत चाळू लागली. बागेच्या पानावर थांबली. मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"आजी," पिहू म्हणाली, "हे चुकलंय गं. संत्री इकडे खूप नंतर आली. आम्हाला शाळेत प्रोजेक्ट होता."

फार गोड आवाजात सांगितलं तिनं. तिला काहीच आठवत नव्हतं. मला त्या पोरीचा राग आला, तिची काही चूक नव्हती तरी आला.

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "बरं झालं बाप्पा सांगितलं."

चार वाजता ऑटो आला आणि पिहू गेली. मी उठायला लागलो तर मॅडमनं हातानंच बसवलं आणि अकोल्याला फोन लावला.

"बाग काढून टाका," त्या म्हणाल्या. "हो, चूकच होती. आन् आभाराच्या पानावर आमच्या नातीचं नाव टाका, चूक तिनं काढली म्हनून. पोट्टी हुशार हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाई, मोठ्या अक्षरात टाका. पुस्तक नाई वाचनार ती, मले मालूम हाय. आपलं नाव तरी वाचन."