दोन ओळींचे नाना

मुरलीनानांशी बोलताना तिसरं वाक्य काढलंत, की ते बोट वर करून म्हणतात, "कटी गयं!" म्हणजे पुढचं त्यांनी ऐकलेलंच नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणाची हकिगत त्यांनी दवाखान्याच्या फाटकातच कापली होती.

हे वेड त्यांना वेबसाइटींनी लावलं. आधी नाना दोंडाईच्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, ब्रश वाळला, तसा हा पठ्ठ्या कॉलेजच्या पोरांत बसून वेबसाइट करायला शिकला. त्यातला मेटा टॅग तेवढा त्यांच्या काळजात घुसला. पानावर न दिसणारा, पानाच्या पोटात लिहायचा मजकूर. पण कोणी मोबाईलवर शोधलं, की दुकानाच्या नावाखाली दोन ओळींत तोच झळकतो. लांबण लावली की पुढचं छाटलं जातं.

"पाटीच शे ती भाऊ," नाना म्हणतात, "फक्त गावना बाहेर लायेल शे."

तेव्हापासून माणसांनाही मेटा. बँकेच्या नव्या साहेबांना माझी ओळख करून दिली: "मिरचीवाला, स्टेशन रोड. माल तिखट, मानूस त्यानापेक्षा." स्वतःच्या बायकोची: "तुळसाबाई. भरीत एक नंबर, आवाज मोठा." त्यावर काकू ओट्यावरून अशा काही कडाडल्या, की सगळ्या गल्लीला मेटा पटला.

नानांच्या तोंडून एकच नाव दोन ओळींत बसत नाही. सुकलाल, त्यांचा धाकटा भाऊ. कानबाई देवीच्या सणाच्या जेवणात दोघांची बोलाचाली झाली, सुकलाल ताटावरून उठला आणि थेट सुरतेला गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली. नंबर बदलला, पत्ता नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. नाना सुकलालच्या नावाचे गहू अजून घेतात. रोट घराबाहेर द्यायचे नसतात, म्हणून त्याच्या वाटचेही तेच खातात. "मन्हं पोट सुटेल शे ते त्यानामुळे," असं वर सांगतात.

यंदा उन्हाळा सरताना नाना माझ्या मागेच लागले. मिरचीची वेबसाइट करू, फुकट करू. फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू? झाली वेबसाइट. आठ दिवसांनी धुळ्याच्या व्यापाऱ्याचा फोन. "शेठ, मिरची न्यायला येऊ का जेवायला?"

मी मोबाईलवर शोधलं. माझ्या दुकानाच्या नावाखाली लिहिलेलं: "दोंडाईचानी लाल मिरची. कानबाईना रोटस्ले ये रे भो, तुना वाटा काढेल शे."

डोकंच फिरलं. तरातरा त्यांच्या घरी गेलो. "नाना, हा काय आचरटपणा? माझी गिऱ्हाइकं..."

"सुकलालले आपली मिरचीशिवाय जेवन जात नही," नाना खाली बघत म्हणाले. "सुरतमा बशीसन कधी ना कधी मिरची शोधीच ना तो? श्रावण होऊ दे. मंग काढी टाकसू."

अशा माणसावर काय ओरडणार, कपाळ? म्हटलं, राहू द्या. पण महिनाभर धुळेकर मला जेवणाचं आमंत्रण मागत होते, आणि मी मनातल्या मनात नानांना शिव्या घालत होतो.

आषाढ सरता सरता दुकानात फोन वाजला. दोन किलो लवंगी सुरतेला पाठवाल का, म्हणाला. भाव सांगितला. त्याने तो लिहून घेतला. मग म्हणाला, "ते खाले लिखेल शे... यंदा रोट कधी शेतस?"

मी गल्ला उघडा टाकून पळालो. पायात चप्पल नाही, इतका चिखल!

"नाना, अहो ऐका, मी बसलो होतो, फोन आला, मला वाटलं नेहमीचंच गिऱ्हाईक, पण..."

बोट वर. "कटी गयं! दोन वळमा सांग."

मी दम घेतला. "सुकलाल, सुरत. आवाज तुमच्यासारखा. रोटांना येतोय."

बोट तसंच वर राहिलं. मग नानांनी ते हळूच खाली घेतलं, टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले.

"मंग यंदा," ते म्हणाले, "माले कमी खानं पडी."